शिंगं मोडून धनुष्यात

पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाने काय करावं याबद्दल कोल्हापुरात एकमत आहे. सकाळी रंकाळ्याला चक्कर मारावी, रक्तदाबाचं यंत्र घ्यावं, जमलं तर एखाद्या पतसंस्थेवर निवडून यावं आणि घरात कुणी विचारल्याशिवाय बोलू नये. मी धनुष्य करायला घेतलं. बातमी नातेवाइकांत पसरली तेव्हा मला सगळीकडून एकच प्रश्न आला, "कुणाला मारायचंय?" आणि जरा हळू आवाजात, स्वयंपाकघरात, हिला एकच प्रश्न गेला, "बरे आहेत ना?"

"शिंगं मोडून वासरांत शिरलेत," असं माझा मेहुणा चारचौघांत म्हणाला. तो अर्धा बरोबर होता. शिंगांची मोडतोड हाच या उद्योगाचा श्रीगणेशा आहे. वासरं मात्र मला अजून कुठे दिसली नाहीत. या नादाला लागलेले जे कोणी आढळतात ते माझ्याच वयाचे, केसांच्या बाबतीत माझ्याच परिस्थितीत, आणि घरच्यांनी हात टेकलेले असतात.

दसऱ्याला पोरं बांबू वाकवून सुतळी लावतात, तसलं धनुष्य मला करायचं नव्हतं. मला करायचं होतं ते शिंग, लाकूड आणि जनावरांच्या नसा सरसाने एकजीव केलेलं संयुक्त धनुष्य. तुर्कांनी, मंगोलांनी, चिनी-कोरियनांनी आणि आपल्याकडे मुघलांनी ज्याच्या जोरावर राज्यं केली ते. इस्तंबूलच्या सहलीत तोपकापी राजवाड्यात ते काचेआड दिसलं. बाकीची मंडळी हिऱ्याच्या दालनात गर्दी करून होती. ही म्हणाली, "एवढा हिरा सोडून हे काय बघत बसलाय?" मी बघत होतो ते दोरी उतरवलेलं धनुष्य होतं, आणि ते उलटं वळलेलं होतं. दोरी काढली की साधं धनुष्य सरळ होतं. हे तेवढ्यावर थांबत नाही. दोन्ही टोकं पुढच्या बाजूने एकमेकांना भेटायला निघतात. म्हणजे दोरी चढवायची तर आधी त्याला पूर्ण उलटं फिरवायचं, आणि मग ओढायचं ते वेगळंच. इतका हट्टीपणा मी फक्त माहेरच्या विषयावर पाहिला होता.

त्याच शहरात ओकमेयदानी नावाचा भाग आहे. १४५३ मध्ये शहर जिंकल्यावर दुसऱ्या मेहमेदने ते मैदान तिरंदाजांसाठी राखून ठेवलं. आता तिथे दाट वस्ती आहे आणि इमारतींच्या मधेमधे दगडी खांब उभे आहेत. कुणाचा बाण कुठवर गेला ते सांगणारे. १७९८ मध्ये सुलतान तिसऱ्या सेलिमने सोडलेला बाण जवळजवळ ८९० मीटर गेला असं सांगतात. मोजणारा माणूस सुलतानाच्याच पगारावर होता हे धरून मी त्यातले शंभरेक मीटर मनातल्या मनात वजा केले, तरी उरलेला आकडा कमी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधल्या तुर्की वकिलातीच्या चिटणिसाने, महमूद एफेंदीने, तिथल्या हौशी तिरंदाजांसमोर बाण साडेचारशे यार्डांच्या पुढे घातला. त्याला मोजणारे तर इंग्रज होते, आणि त्यांची स्वतःची सहा फुटी लाकडी धनुष्यं त्यांनी त्या दिवशी गुपचूप घरी नेली असणार. तुर्की धनुष्याची लांबी चार फूटदेखील नसते.

एवढंसं धनुष्य एवढं करतं कसं? धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं. निशाणाकडची बाजू पाठ, तिरंदाजाकडची पोट. पन्नाशीतल्या माणसाने बुटाची नाडी बांधायला खाली वाकून पाहावं, सगळं शास्त्र एका झटक्यात कळतं. पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. दोरी ओढली की धनुष्याचं हेच होतं. नुसत्या लाकडाला ही दोन्ही कामं एकट्याने करावी लागतात. फार ओढलं की ते पाठीत तुटतं, नाहीतर पोटात चुरगळतं. म्हणून पोटाला म्हशीचं शिंग लावायचं, कारण दाब सोसण्यात त्याचा हात धरणारं फार थोडं. पाठीला जनावराच्या पायातली नस, कारण ताणून परत मूळ लांबीवर येणं हाच तिचा जन्मभराचा धंदा. आणि दोघांच्या मधे लाकडाची किंवा बांबूची पातळ पट्टी. तिने फक्त या दोन पार्ट्यांना एकत्र धरून ठेवायचं. मी सोसायटीच्या कमिटीवर असल्यामुळे त्या पट्टीबद्दल मला पहिल्यापासून आपुलकी आहे.

या नजरेतून पाहायला लागलं की महाकाव्यंही वेगळी दिसू लागतात. सीतास्वयंवरात आपण सगळे रामाच्या बाजूने. पण ज्याने ते शिवधनुष्य केलं असेल त्याचा विचार करा. पिढ्यान्‌पिढ्या आठ चाकांच्या लोखंडी पेटीत बंद. ऊन नाही, तेल नाही, कुणाला कधी दोरी चढवता आलेली नाही. आणि एके दिवशी भरसभेत, जरासुद्धा न शेकवता, एका तरुण मुलाने एका दमात ओढलं. मोडेल नाहीतर काय? ग्रीकांचं बरं. ओडिसीत बायकोला मागणी घालायला आलेले टोळभैरव ओडिसियसचं धनुष्य आधी आगीपाशी शेकतात, चरबी चोळतात, आणि तरीही त्यांना दोरी चढवता येत नाही. मग भिकाऱ्याच्या वेशातला खुद्द मालक ते हातात घेतो आणि फिरवून फिरवून बघतो, की आपण नसताना शिंगाला कीड तर लागली नाही? होमर आंधळा होता म्हणतात, पण शिंगाला कीड लागते हे त्याला दिसत होतं. आपल्या कौटिल्यानेही शस्त्रांच्या यादीत ताड, बांबू आणि लाकूड यांच्या जोडीला शिंगाचं धनुष्य सांगून ठेवलंय. ओढणाऱ्यांवर एवढे ग्रंथ झाले. चिकटवणाऱ्यावर एक ओवी नाही.

चिकटवणारे होते कोण, हे मला सामान जमवायला निघाल्यावर कळलं.

शिंगासाठी मी आमच्या दूधवाल्या गवळीमामांना विचारलं. त्यांनी चरवी खाली ठेवली.

"शिंगं? कशापायी?"

"धनुष्य करायचंय."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बँकेत काय तंटा झालाय व्हय?"

तंटा नाही हे पटल्यावर मात्र मामांनी जे व्याख्यान दिलं ते मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नव्हतं. तसा मी वाचून बसलेला होतो. पॉल क्लोप्स्टेग नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये तुर्की धनुष्यावर लिहिलेलं पुस्तक, अॅडम कार्पोविच यांचं २००८ चं उस्मानी धनुष्याच्या कारागिरीवरचं पुस्तक, दोन्हींची पारायणं झाली होती. त्यात लांब, रुंद आणि पीळ नसलेलं शिंग घ्यावं एवढं लिहिलंय. ते कुठल्या म्हशीचं, हे मामांना ठाऊक. "मुऱ्हा आणू नका. दूध लई, पर शिंग कानाशीच गुंडाळून बसतंय. पंढरपुरी बगा." पंढरपुरी म्हशीची शिंगं खांद्याच्याही मागे जातात. दिवाळीत कोल्हापुरात म्हशींना सजवून पळवतात तेव्हा रंगवलेल्या शिंगांची जी मिरवणूक निघते ती बघायला मी लहानपणापासून जातो. पण आतापर्यंत मी रंग बघत होतो. यंदा मी लांबी बघत होतो, आणि दोन-तीन मालकांनी माझ्याकडे संशयाने पाहून म्हशी पुढे काढल्या.

मी मामांना कोरियाची गोष्ट सांगितली. कोरियन धनुष्याला म्हशीचंच शिंग लागतं आणि कोरियात म्हशीच नाहीत. बहुतेक शिंग चीनवरून यायचं, आणि चीनची मर्जी फिरली की यायचं बंद व्हायचं. शेवटी पंधराव्या शतकात तिथल्या राजांनी म्हशी आणून पाळून पाहिल्या. दुधासाठी नव्हे, शिंगासाठी.

"आनि दूध?" मामांनी विचारलं.

"त्याचं त्यांना काही नव्हतं."

"म्हंजे राजाच असनार," मामा म्हणाले आणि चरवी उचलली.

शेवटी मामांच्या गावाकडची एक म्हैस म्हातारपणाने गेली आणि तिच्या शिंगांची जोडी मला मिळाली. जोडीच लागते. दोन्ही बाजूंना एकाच जनावराचं शिंग असलं की दोन्ही पाती सारखी वाकतात. म्हशीची शिंगं म्हशीला जड होत नाहीत म्हणतात, एसटीत मात्र फार जड होतात. कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडता फाडता विचारलं, "बाकीची म्हस मागनं येतीया काय?" राधानगरीकडच्या एका पाहुण्यांनी, हे ऐकून, त्यांच्या माडीवर आजोबांच्या काळातलं गव्याचं शिंग असल्याचं प्रेमाने कळवलं. १९७२ चा वन्यजीव कायदा मी त्यांना फोनवरच वाचून दाखवला आणि ही गोष्ट यापुढे कुणालाही सांगू नका, मलासुद्धा सांगू नका, अशी विनंती केली.

शिंग मुळापासून पोकळ असतं असा एक शहरी समज आहे. आत हाडाचा खुंट असतो. तो सुटायला शिंग बरेच दिवस भिजत ठेवावं लागतं, आणि आतलं जे काय असेल ते कुजून मोकळं झालं की खुंट निसटतो. या वाक्यातल्या "कुजून" या शब्दाकडे पुस्तकं फार सहज बघतात. आमच्या सोसायटीत त्या आठवड्यात मेलेला उंदीर शोधण्याची मोहीम निघाली. सेक्रेटरींनी पाण्याच्या टाक्यांपासून मीटरच्या खोलीपर्यंत सगळं पालथं घातलं. कमिटीवर असल्याने मोहिमेत बॅटरी धरायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी मनापासून केलं.

नसेसाठी मोठ्याच्या मटणाच्या दुकानात गेलो. मागच्या पायातली, टाचेवरची लांब नस, मधे सुरी न लावता अख्खी पाहिजे, असं सांगितलं. दुकानातल्या चाचांनी काढून दिली, कागदात बांधली आणि मायेने सांगितलं, "साहेब, कशात बी घाला, शिजायला टाइम लागतो." एका धनुष्याला अनेक जनावरांच्या नसा लागतात, त्यामुळे मी वारंवार जात राहिलो. आमच्या घरात आठवड्याला एवढा पायासूप कोण पितं, याबद्दल त्या रस्त्यावर काही तर्क झाले असावेत.

ताजी नस पांढरी आणि निसरडी असते. सावलीत वाळली की पिवळसर, अर्धवट पारदर्शक आणि इतकी कडक होते की टेबलावर टाकली तर वाजते. ती लाकडाच्या ओंडक्यावर ठेवून लाकडाच्याच दांडक्याने ठोकायची. लोखंडी हातोड्याची कड बसली की आतले धागे तुटतात. पहिली काही मिनिटं काहीच होत नाही. मग एका कडेला ती पांढरी पडते, तो पांढरेपणा हळूहळू आत सरकतो, नस उभी चिरते, आणि बोटांनी सोलत गेलं की तिचे दोन, दोनाचे चार असं करत केसाएवढे बारीक धागे निघतात. एकेक धागा वीतभर किंवा त्याहून लांब. तो दोन्ही हातांनी तोडून बघा. बोटं कापतात, धागा तुटत नाही. माझ्या ओळखीतला धनुर्विद्येवर विश्वास नसलेला प्रत्येक माणूस मी या धाग्यापाशी आणून उभा केला आहे, आणि प्रत्येकाने बोट चोखत माघार घेतली आहे.

धागे विंचरून सारखे करावे लागतात. मोठ्या दातांचा कंगवा कुठे गेला, हे मुलगी सगळ्यांना विचारत होती तेव्हा मी पेपर वाचत होतो. ठोकण्याच्या आवाजावरून खालच्या मजल्यावरच्या वहिनींना वाटलं की आम्ही मसाला घरीच कांडतो. त्यांनी अर्धा किलो कांदा-लसूण मसाल्याची ऑर्डर दिली, आणि हिने ती कुणालाही न सांगता घेऊनसुद्धा टाकली.

मधल्या पट्टीचं फार सांगण्यासारखं नाही. तुर्क मेपल वापरतात, कोरियन बांबू, आणि टोकांना तुतीचं लाकूड. कोकणातला माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो, तुती शेतकऱ्यांच्या बांधावर मिळते, म्हणून मी कोरियाची बाजू घेतली. बांबू आणि तुती यांच्यामधला पाचरीचा सांधा आमच्या गल्लीतल्या सुतारमामांनी पटाशीने असा बसवून दिला की कागद आत जाईना.

मी सरस आणलाय हे कळल्यावर त्याच सुतारमामांचा चेहरा फुलला. १९५९ मध्ये फेविकॉल बाजारात आला, आणि पुढे पुढे सुतारांच्या चुलीवरून सरसाचं भांडं उतरलं ते उतरलंच. "वडील उकळायचे," मामा म्हणाले. "त्या वासानं आई जेवायची न्हाई." सरस म्हणजे जनावराचं कातडं, नसा, हाडं उकळून काढलेला चिकट अर्क. तो रात्रभर पाण्यात भिजत घालायचा. सकाळी फुगून थरथरीत झाला की भांड्यात भांडं ठेवून, बाहेरच्यात पाणी आणि आतल्यात सरस, मंद आचेवर विरघळवायचा. उकळी फुटू द्यायची नाही. साठ अंशांच्या आसपास तो खूश असतो, त्याच्या फार वर गेला की त्याचा जोर जातो. मी थर्मामीटर धरून उभा होतो. सुतारमामा बोटांच्या चिमटीत थेंब घेऊन उघडझाप करत होते. तेवढ्यात ही मागून डोकावली, चमचा वर उचलून धार पाहिली आणि म्हणाली, "एकतारी झालाय. उतरवा." थर्मामीटरवर बरोबर तेवढंच तापमान होतं. यापुढे या घरात थर्मामीटरला काम राहिलेलं नाही.

खरा उंची माल म्हणजे माशाच्या पोटातल्या पिशवीचा सरस. तुर्क डॅन्यूबमधल्या स्टर्जन माशाचा सरस वापरायचे. कोरियन लोक ज्या माशाचा वापरतात तो आपल्या घोळ माशाच्याच घराण्यातला. हे वाचून मला हर्ष झाला. घोळ तर आपल्या किनाऱ्यावरचाच. त्याच्या पिशवीला आपले कोळी भोत म्हणतात. मग कळलं की २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावातल्या एका मच्छीमाराच्या जाळ्यात १५७ घोळ सापडले आणि त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये आले, ते मुख्यतः त्या भोतासाठी. मुंबईच्या एका मासेवालीला मी फोनवर भाव विचारला. तिने आधी भाव सांगितला, मग कशासाठी हवंय ते विचारलं, आणि मग शांतपणे सल्ला दिला, "सोन्याचं करा, भाऊ. परवडेल." मी नसांचे उरलेसुरले तुकडे उकळून सरस काढला. तुर्कही तसं करायचे, असं पुस्तकात आहे, आणि गरजेला लागणारी पानं मला पुस्तकात नेहमी लगेच सापडतात.

आता शिंग बांबूला चिकटवायचं. दोन गुळगुळीत पृष्ठभाग सरसाने नीट धरत नाहीत, म्हणून करवतीच्या पात्याच्या तुकड्याने दोन्हींवर लांबीच्या दिशेने बारीक चऱ्या पाडायच्या, शिंगाच्या चऱ्या बांबूच्या चऱ्यांत बसतील अशा. मग दोन्हींवर पातळ सरसाचे हात द्यायचे, वाळवायचे, पुन्हा द्यायचे. लाकूड पीत राहतं. प्यायचं थांबलं की शेवटचा जाड हात, दोन्ही तुकडे शेकून गरम, आणि सरस गार व्हायच्या आत दोरीने इतकं करकचून आवळायचं की आत हवा राहता कामा नये. तुर्कांकडे यासाठी दोरी पिळून ताणायचं खास अवजार असतं. माझ्याकडे लोखंडी शिकंजे होते, पण शिंगाला गोलाई, शिकंजा सरकतो. मी पुस्तकातल्या आकृतीसमोर उभा असतानाच दाराशी दूध आलं.

"काय बांधायचंय?" गवळीमामा म्हणाले.

त्यांनी खांद्यावरचं दावं काढलं, मग त्याच्याकडे आणि शिंगाकडे पाहून ते परत खांद्यावर टाकलं आणि माझी बारीक दोरी घेतली. एका टोकाला गाठ मारली ती मला आजवर सुटलेली नाही. मग वेढा, वेढ्याला लाकडी खुंटीने पीळ, पीळ तसाच धरून दुसरा वेढा. प्रत्येक पिळाबरोबर दोन्ही कडांतून सरसाची बारीक धार बाहेर येत गेली, डावीकडे आणि उजवीकडे सारखी. धार सारखी आली म्हणजे दाब सारखा, असं पुस्तक म्हणतं. मामा म्हणाले, "म्हशीला औषद पाजाय असंच धरायला लागतंय. ढिलं सोडलं की संपलं." मी खुंटी धरली, ते वेढे घालत गेले. मध्यापासून टोकाकडे, मग दुसऱ्या टोकाकडे. शेवटची गाठ मारून मामा सरळ उभे राहिले, कामाकडे समाधानाने पाहिलं आणि सवयीने डाव्या मिशीला पीळ दिला.

सरस गार व्हायला लागला की फार वेळ देत नाही. मामांची डावी मिशी वर गेली ती वरच राहिली. हिने गरम पाण्याचं फडकं आणलं, पण मामा ऐकेनात. बाकीच्या दहा घरांत दूध जायचं होतं. ते तसेच गेले. दुपारपर्यंत आमच्या गल्लीत निम्मा माणूस शिवकालीन दिसत होता, आणि निम्मा नेहमीचा.

शिंग बसल्यावर उलट बाजूला नसांचे थर. धाग्यांच्या जुड्या सरसात बुडवायच्या, निथळायच्या आणि विटांच्या थरांत जसे सांधे चुकवतात तसे सांधे चुकवत मध्यापासून टोकाकडे विंचरून बसवायच्या. हे वाळताना आकसतं, आणि आकसताना ते सबंध धनुष्याला मागे ओढून उलटं वळवतं. काचेआडच्या त्या वळणाचं मर्म हे. माणूस थोडंसं वाकवतो, बाकीचं ते स्वतः वाकतं. एक थर वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, आणि शेवटचा थर दिल्यावर महिनोन्‌महिने हात लावायचा नाही. चीनमधल्या "काओगोंग जी" या प्राचीन ग्रंथात तर ऋतूच वाटून दिलेत. लाकूड हिवाळ्यात तोडा, शिंग वसंतात भिजवा, नसा उन्हाळ्यात तयार करा आणि जोडणी शरदात करा. ज्या कामाला वर्ष घालवायचंय त्याचं नियोजन त्यांनी निसर्गावर सोडलं. आमच्याकडे बँकेत असं केलं असतं तर आम्हाला ऑडिटने सोडलं नसतं.

त्या ग्रंथात कोल्हापूरचा पावसाळा मात्र धरलेला नाही. सरस पाण्यात विरघळतो. हवेतला ओलावासुद्धा तो पितो आणि मऊ पडतो. म्हणून तर तुर्क धनुष्याला वरून बर्चची साल किंवा चामडं गुंडाळायचे. बर्च म्हणजे आपलं भूर्जपत्र. हिंदुस्थानात काहींनी हा प्रश्न मुळातूनच सोडवला आणि पोलादाची धनुष्यं घडवली. चपळाईत ती शिंगाच्या धनुष्याला गाठत नाहीत, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षं पडली तरी सुटून येत नाहीत. पन्हाळ्यावर ढग उतरले की मला त्या लोहारांचं फार पटतं. कोरियन तिरंदाज धनुष्य उबदार पेटीत ठेवतात, तीसेक अंशांवर. मीही एक जुनं कपाट घेतलं, आत पिवळे बल्ब लावले, वर हवा जायला भोकं पाडली. कपाटाची उब पहिल्याच आठवड्यात हिच्या लक्षात आली, आणि खालच्या कप्प्यात इडलीचं पीठ आलं.

मी विरोध केला. आंबणाऱ्या पिठाची वाफ सरसाला चालत नाही, हे शास्त्रीय कारण दिलं. तिने तितकंच शास्त्रीय कारण दिलं की पावसात पीठ फुगत नाही, आणि बल्बचं बिल घर भरतं, धनुष्य भरत नाही. तडजोड अशी झाली की पीठ रात्री, धनुष्य दिवसा. त्या पावसाळ्यात इडल्या पाहुण्यांनी मागून नेण्याइतक्या हलक्या झाल्या. धनुष्य वाळतंय.

वाळल्यानंतर खरी कसोटी आहे. शेकून, साच्यांना बांधून, पट्ट्यांनी हळूहळू उलटं फिरवून पहिल्यांदा दोरी चढवणं. त्या वेळी एक पातं जरी बाजूला वळलं तरी सगळं धनुष्य झटक्यात उलटतं आणि समोर असेल त्याला मारतं. तोंड बाजूला ठेवावं असं जाणकार लिहितात. मेहुण्याला त्या दिवशी जेवायला बोलवायचं आणि समोरची खुर्ची द्यायची असं ठरलं आहे.

मामा रोज चौकशी करतात. धनुष्य म्हणत नाहीत. "आमची म्हस काय म्हनती?" असं विचारतात. परवा मी त्यांना कपाट उघडून दाखवलं. त्यांनी आत वाकून पाहिलं, उलटी वळलेली टोकं पाहिली, बोटाच्या नखाने शिंगावर टक् केलं आणि मान हलवली.

"ही बी अशीच. जित्ती असताना बी उलटीच वाटेला जायची."

मी म्हणालो, हे जमलं तर पुढचं जरा मोठं करावं म्हणतो. याहून लांब शिंगांची जोडी तुमच्या पाहण्यात आहे का?

"हाय की," मामा म्हणाले. "गोठ्यात हाय. वाकडी न्हाई, पीळ न्हाई, पार खांद्याच्या मागं गेलीत. पर ती आता दुसऱ्या वेताची हाय, दोन्ही टायमाला दूध देती." त्यांनी चरवी उचलली. "जरा दमानं घ्यावं लागंल तुमास्नी."